गावची नळयोजना वर्षानुवर्षं चालती कशी ठेवायची: खान्देशातल्या पाणी समित्यांसाठी

खान्देशात कुठल्याही रस्त्यानं जा, बऱ्याच गावांत शिरताना एकाहून जास्त पाण्याच्या टाक्या दिसतात. एक जुनी, सळया उघड्या पडलेली. दुसरी मधल्या कुठल्यातरी योजनेतली, जिच्यात आता पाणी चढत नाही. तिसरी जलजीवन मिशनची, नव्या रंगाची. प्रत्येक टाकी उभी राहिली तेव्हा गावाला वाटलं होतं, आता पाण्याचा प्रश्न मिटला. पण आधीची टाकी नेमकी का बंद पडली, हे ग्रामपंचायतीच्या दप्तरात शोधूनही सापडत नाही. विहीर आटली? मोटर जळाली आणि पैसे नव्हते? वीजबिल थकून कनेक्शन कापलं? कुणाला विचारावं तर प्रत्येकाचं उत्तर वेगळं.

माझं ठाम मत आहे की योजना टिकते ती रोजची नोंद ठेवणाऱ्या आणि त्या कामाचे पैसे वेळेवर मिळणाऱ्या एका माणसाच्या जोरावर. निधी, पंप, पाइप या गोष्टी त्याच्यानंतर येतात. हा लेख सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि पाणी समितीच्या सदस्यांसाठी आहे. खास करून त्या ताईंसाठी, ज्यांचं नाव समितीच्या कागदावर आहे पण ज्यांना बैठकीला कुणी बोलवत नाही.

ताबा घेताना घाई करू नका

जलजीवन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ ला झाली. माणशी रोज ५५ लिटर पाणी घरातल्या नळाला, हे तिचं उद्दिष्ट. योजना बांधून झाली की ठेकेदार आणि विभाग ती ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित करतात. त्या कागदावर सही करण्याआधीचे आठ दिवस फार मोलाचे असतात. सही झाली की दोष सुधारून घेणं अवघड होतं.

सहीआधी योजना सलग काही दिवस पूर्ण क्षमतेनं चालवून बघा. सगळे नळ उघडे असताना गावाच्या वरच्या अंगाच्या शेवटच्या घरात पाणी चढतं का, हे स्वतः उभं राहून पाहा. पाइप जमिनीत प्रत्यक्ष जिथून गेला आहे त्याचा नकाशा मागा. मंजुरीच्या वेळचा नकाशा चालणार नाही, कारण खोदताना खडक लागला की लाइन वळवतात आणि ते फक्त जेसीबीवाल्याला माहीत असतं. प्रत्येक व्हॉल्व्हचं ठिकाण जवळच्या पक्क्या खुणेपासून मीटरमध्ये मोजून लिहा: 'मारुतीच्या ओट्यापासून पूर्वेला ४ मीटर'. दहा वर्षांनी रस्त्यावर काँक्रीट पडलेलं असेल तेव्हा हीच एक ओळ लाखाचं काम वाचवील.

मोटर आणि पंपाच्या नेमप्लेटचा फोटो, वॉरंटी कार्ड, बोअरची खोली, पंप किती फुटांवर सोडला आहे, विहिरीच्या उपसा चाचणीचा अहवाल, हे सगळं एका फाइलमध्ये हवं. करारात ठेकेदारावर दोष दुरुस्तीची जबाबदारी किती काळ आहे ती तारीख फाइलच्या वर मोठ्या अक्षरात लिहा. त्या तारखेच्या महिनाभर आधी पुन्हा सगळी लाइन चालून तपासा आणि तक्रार लेखीच द्या.

विहिरीची पातळी मोजा, तीही रोज

खान्देशात सगळीकडे एकच सल्ला चालत नाही. तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, रावेर-यावल-चोपड्याच्या पट्ट्यात खोल गाळाची जमीन आहे. तिथं पाणी वाळू-गोट्यांच्या थरांत असतं, ट्यूबवेल खोल असतात, आणि केळीसाठी वर्षानुवर्षं झालेल्या उपशानं पातळी खाली खाली जात राहिली. इथल्या पंपाचा शत्रू वाळू. पाण्याबरोबर बारीक वाळू यायला लागली की पंपाच्या आतल्या चकत्या झिजतात आणि पाणी हळूहळू कमी होतं. महिन्यातून एकदा सुरुवातीचं पाणी काचेच्या बाटलीत भरून अर्धा तास ठेवा. तळाशी वाळू बसली, तर पंपवाल्याला बोलवायची वेळ आली.

पारोळा, चाळीसगाव, साक्री आणि नंदुरबारच्या बऱ्याच भागात मात्र काळा बेसाल्ट. इथं पाणी वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत साठतं. जास्त खोल बोअर घेतला की जास्त पाणी लागेल, हा हिशोब इथं हमखास बरोबर येईल असं नाही. शिवाय धुळे-नंदुरबारकडे डाइक पुष्कळ आहेत. डाइक म्हणजे जमिनीत उभी गेलेली कठीण दगडाची भिंत. भूजल तिला अडतं, म्हणून भिंतीच्या वरच्या अंगाला विहीर भरलेली आणि खालच्या अंगाला शंभर फुटांवर कोरडी, असं घडतं. नवा बोअर घ्यायचाच असेल तर हातावर नारळ धरून जागा सांगणाऱ्यावर गावाचे पैसे लावू नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातल्या भूवैज्ञानिकाला पत्र द्या. त्यांची निरीक्षण विहीर तुमच्या आसपास असेल तर तिच्या पातळीच्या मागच्या अनेक वर्षांच्या नोंदीही मागा.

आता मोजायचं कसं? विहिरीसाठी दोरीला दर फुटावर गाठ मारा आणि टोकाला वजन बांधा. बोअरमध्ये दोरी पंपाच्या केबलला अडकते, म्हणून पंप पुढच्या वेळी वर काढाल तेव्हा उभ्या पाइपाच्या बाजूनं २० मिलिमीटरचा एक पीव्हीसी पाइप पंपाच्या वरपर्यंत सोडून ठेवा. त्यातून दोन तारांची जोडी खाली सोडायची आणि वर मल्टिमीटर लावायचा. टोक पाण्याला लागलं की काटा हलतो. खर्च किरकोळ, पण पंप वर काढण्याची संधी गेली की हे काम पुन्हा कित्येक वर्षं होत नाही.

मोजणी रोज पहाटे, मोटर सुरू करण्याआधी. रात्रभर विश्रांती घेतलेल्या बोअरची तीच खरी पातळी. ऑक्टोबरची आणि मेअखेरची पातळी भिंतीवर लिहून ठेवा आणि मागच्या वर्षाशी ताडून पाहा. ऑक्टोबरची पातळी मागच्या वर्षीपेक्षा बरीच खाली असेल तर उन्हाळ्यात काय होणार हे सहा महिने आधीच कळतं. मग टंचाई आराखड्यात गावाचं नाव वेळेत घालता येतं, कुणाची खासगी विहीर अधिग्रहित करायची ते आधी ठरवता येतं, आणि एप्रिलमध्ये टँकरसाठी पंचायत समितीत बसून राहावं लागत नाही.

स्रोत राखण्यासाठी कायदा गावाच्या बाजूनं आहे आणि तो फार कमी जण वापरतात. १९९३ च्या राज्य कायद्यानं सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोताभोवती ५०० मीटरच्या आत नव्या विहिरी-बोअरवर बंधन घातलं आणि २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमानंही पिण्याच्या स्रोताला संरक्षण दिलं आहे. गावच्या विहिरीशेजारी कुणी बोअरची गाडी आणली तर भांडू नका. ग्रामसभेचा ठराव आणि तहसीलदारांना अर्ज, हाच रस्ता. अडचण एवढीच की ज्याच्या शेतात गाडी आली तो आपलाच आप्पा किंवा भाऊ असतो. म्हणून हा ठराव गाडी येण्याआधी, कुणाचंही नाव न घेता करून ठेवावा.

गिरणाकाठच्या गावांच्या विहिरी नदीच्या पात्रात किंवा काठावर असतात. गिरणा धरणातून आवर्तन सुटलं की त्या भरतात. तिथं वाळू हीच खरी टाकी. वाळू गेली की नदीतून पाणी वाहून जातं, मुरत नाही, आणि आवर्तनानंतर विहीर पूर्वीपेक्षा लवकर उतरते. वाळूचे ट्रॅक्टर रात्री जातात म्हणून गप्प बसणारं गाव स्वतःच्या पिण्याच्या पाण्यावर पाणी सोडतं. हे मी कुणाला दुखवायला म्हणत नाही, पण म्हटल्याशिवाय राहवत नाही.

मुरवण्याच्या कामात आपल्याच भागातली उदाहरणं आहेत. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले रुंद-खोल करून त्यांवर ओळीनं बंधारे घातले, तो प्रयोग राज्यभर गाजला. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यात चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी आधी जंगल राखलं, मग पाणी टिकलं. त्यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. दोन्हींची सरसकट नक्कल करू नका, कारण तुमच्या नाल्याखाली कुठला थर आहे ते आधी कळायला हवं. एक मात्र सगळ्यांना लागू: बंधाऱ्यातला गाळ दर मेमध्ये निघाला पाहिजे. आणि नाल्याचं गढूळ पाणी थेट पिण्याच्या विहिरीत सोडायचं नाही. मध्ये दगड-गोटे-वाळूचा गाळणखड्डा हवाच.

मोटर आणि नोंदवही

पंपघरात एक जाड वही दोरीनं बांधून ठेवा. रोजच्या ओळीत सहा गोष्टी पुरतात: मोटर सुरू केल्याची आणि बंद केल्याची वेळ, व्होल्टेज, तिन्ही फेजचे अँपिअर, वीज मीटरचं रीडिंग, पाण्याची पातळी, टाकी भरायला लागलेला वेळ. पॅनलवर व्होल्टमीटर-अँपिअरमीटर बंद पडलेले असतील तर सगळ्यात आधी ते बदला.

ही वही वाचायला शिकलं की निम्मे बिघाड आधीच कळतात. टाकी भरायला ५ तासांऐवजी ६ तास लागतायत आणि अँपिअर तेवढेच किंवा किंचित जास्त आहेत, तर पाणी वाटेत जातंय. विहिरीपासून टाकीपर्यंतची लाइन चालत जाऊन पाहा, कुठेतरी गवत अवेळी हिरवं दिसेल. अँपिअर कमी झाले, पाणी कमी झालं आणि मधूनमधून हवेचे फुरके येतात, तर पातळी पंपाच्या तोंडाशी आली आहे. मोटर लगेच बंद करा, कारण पाण्याविना चाललेली सबमर्सिबल जळायला वेळ लागत नाही. तिन्ही फेजचे अँपिअर एकमेकांपासून दूर गेले तर दोष लाइनमध्ये किंवा केबलच्या जोडात. सगळेच अँपिअर वाढले तर व्होल्टेज कमी आहे किंवा पंप कुठेतरी अडकतोय.

संरक्षणाची उपकरणं, म्हणजे सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर, ड्राय रन रिले, ओव्हरलोड (एखादी फेज गेली, पाणी संपलं किंवा भार वाढला की मोटर बंद करणारी), ही काढून 'डायरेक्ट' जोडणी करण्याची सवय फार वाईट. रात्री वीज येते, कुणीतरी ऑटो स्विच लावलेला असतो, दोनच फेज येतात आणि सकाळी मोटर गेलेली असते. रिवाइंडिंगचं (जळालेल्या मोटरची तार नव्यानं भरण्याचं) बिल आणि पंप काढण्या-बसवण्याची मजुरी धरली तर त्या पैशात ही उपकरणं कितीतरी वेळा नवी घेता येतात. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी टाका. पावसाळ्यात विजा कडाडायला लागल्या की मेन स्विच पाडा.

रिवाइंड केलेल्या मोटरबद्दल एक सूचना. दोनदा रिवाइंड झालेली मोटर योजनेवर ठेवू नका, ती पूर्वीइतकं काम करत नाही आणि वीज जास्त खाते. तिला राखीव म्हणून ठेवा आणि नवी बसवा. राखीव मोटर गावात असणं म्हणजे आठ दिवसांचा टँकर वाचणं.

गळती: आधी रात्री शोधा

पाणी कमी पडलं की ग्रामसभेत पहिली मागणी नव्या बोअरची होते. माझा आग्रह असा की गळतीची चाचणी केल्याशिवाय नव्या बोअरचा ठराव घेऊच नये.

चाचणी सोपी आहे आणि तिला एक रात्र लागते. संध्याकाळी टाकी भरा, बाहेर जाणारा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा आणि शिडीवरून पातळीची खूण करा. दोन तासांनी पातळी उतरली असेल तर टाकी स्वतः गळतेय किंवा व्हॉल्व्ह धरत नाही. पातळी जागच्या जागी असेल तर पुढचा टप्पा. गाव झोपल्यावर, रात्री एकच्या सुमारास, व्हॉल्व्ह उघडा. नळ बंद ठेवायची दवंडी किंवा व्हॉट्सॲपचा निरोप आदल्या दिवशी दिलेला असावा. लाइन भरू द्या, मग पातळी पाहा आणि दोन तासांनी पुन्हा पाहा. टाकीचा आतला व्यास ५ मीटर असेल तर पाणी १ सेंटीमीटर उतरलं म्हणजे साधारण १९६ लिटर गेलं. दोन तासांत १५ सेंटीमीटर उतरलं तर २,९४० लिटर, म्हणजे तासाला १,४७० लिटर. नळ सगळे बंद आहेत, तर हे गेलं कुठं? जमिनीत, गटारीत, किंवा तोटी नसलेल्या नळांतून.

मग गल्लीगल्लीचे व्हॉल्व्ह एकेक बंद करत जा. ज्या गल्लीचा व्हॉल्व्ह बंद केल्यावर पातळी उतरायची थांबते, तिथं खोदायचं. शांत रात्री लोखंडी पहारेचं एक टोक पाइपावर आणि दुसरं कानाला लावलं तर गळतीचा सळसळ आवाज ऐकू येतो. जुने फिटर असंच शोधतात आणि त्यांचा कान क्वचित चुकतो.

व्हॉल्व्हच्या ग्लँडमधून, म्हणजे फिरवायच्या दांड्याभोवतीच्या जोडातून, होणारी गळती दिसायला लहान असते. १५ लिटरची बादली एका मिनिटात भरत असेल, तर तासाला ९०० लिटर. पाणी चार तास सोडलं तर ३,६००. माणशी ५५ लिटरनं हे ६५ माणसांचं दिवसाचं पाणी. दोरा आणि ग्रीसनं जिथं काम भागतं तिथं ते त्याच दिवशी व्हावं.

फुटलेल्या पीव्हीसीवर सायकलची ट्यूब गुंडाळून भागवू नका. आपल्याकडे पाणी रोज तास-दोन तास किंवा दिवसाआड सुटतं. पाणी बंद झालं की रिकाम्या होणाऱ्या पाइपात ओढ तयार होते आणि त्याच फटीतून गटारीचं पाणी आत जातं. दुसऱ्या दिवशी सुरुवातीचं पाणी पिणाऱ्या घरात जुलाब सुरू होतात. फुटलेला तुकडा कापा, टोकं कोरडी करा, कॉलर आणि सोल्युशननं जोडा, ठरल्या वेळेइतकं थांबा, मग पाणी सोडा. त्यासाठी प्रत्येक मापाचे दोन-दोन कॉलर, एंड कॅप, सर्व्हिस सॅडल, रबर रिंग आणि सोल्युशनचा डबा ग्रामपंचायतीच्या कपाटात कायम हवा. गटारीतून किंवा गटारीखालून जाणारा प्रत्येक जोड यादी करून बाजूला काढा.

नळाला थेट मोटर लावणं हा वेगळा विषय. तो दंडानं कमी होतो, उपदेशानं होत नाही. पण आधी हेही पाहा की त्या गल्लीत पाणी मुळातच कमी दाबानं येतं का. तसं असेल तर त्या गल्लीची वेळ स्वतंत्र करा. नंतर दंड लावला तर लोक तो मानतात.

टीसीएल, ओटी आणि शेवटचं घर

साधारण १,००० लिटर पाण्याला ५ ग्रॅम टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर, हे प्रमाण बहुतेक जलसुरक्षकांना पाठ असतं. ५०,००० लिटरच्या टाकीला २५० ग्रॅम. पावडर थेट टाकीत फेकायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत आधी थोड्या पाण्यात तिची पेस्ट करा, मग बादली भरून ढवळा, चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत ओता. खालचा गाळ टाकीत गेला तर व्हॉल्व्ह आणि मीटर खराब होतात. ओतल्यावर निदान अर्धा तास थांबूनच पाणी सोडा.

ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात उरलेलं क्लोरीन पिवळ्या रंगानं दाखवणारी चाचणी, टाकीजवळच्या नळावर करून समाधान मानू नका. ती शेवटच्या घरात करा. तिथं लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असलं पाहिजे, म्हणजे पाणी वाटेत दूषित झालं तरी संरक्षण आहे. टाकीजवळ पिवळा रंग गडद आणि शेवटच्या घरात काहीच नाही, असं झालं तर मधल्या लाइनमध्ये घाण शिरतेय.

नव्या पावडरमध्ये क्लोरीन सुमारे ३३ टक्के असतं आणि उघड्या पोत्यात, दमट हवेत ते उडून जातं. म्हणून वर्षभराची पोती एकदम घेऊ नका. थोडी घ्या, झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, सावलीत ठेवा. पंपघरात स्टार्टरच्या शेजारी तर मुळीच नको, त्या वाफेनं तांब्याचे संपर्क गंजतात.

वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, पाण्याचे जंतूंसाठीचे नमुने आणि एकदा रासायनिक नमुना प्रयोगशाळेत द्या. रासायनिक अहवालात नायट्रेट आधी पाहा, त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. आपल्याकडे कपाशी-केळीला युरिया भरपूर पडतो, उकिरडे विहिरीच्या वरच्या अंगाला असतात, आणि नायट्रेट उकळून किंवा टीसीएलनं जात नाही. ते वाढलं तर स्रोताभोवतीचा वापर बदलावा लागतो किंवा स्रोतच. मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना फील्ड टेस्ट किट वापरण्याचं प्रशिक्षण द्यायचं आहे. किट ग्रामपंचायतीच्या कपाटात बंद असेल तर ती बाहेर काढून त्या ताईंच्या हाती द्या आणि त्यांचा निकाल ग्रामसभेत त्यांनाच वाचू द्या.

पाणीपट्टी किती, याचा हिशोब मांडून दाखवा

समजा गाव २,००० लोकांचं, ३०० घरांचं. ५५ लिटरनं रोज १,१०,००० लिटर. ५ एचपीची मोटर तासाला ११,००० लिटर चढवत असेल तर १० तास चालेल आणि साधारण ४७ युनिट घेईल. महिन्याला १,४१० युनिट. युनिटला ७ रुपये धरले तर वर्षाचं बिल सुमारे १,१८,००० रुपये. तुमच्या बिलावरचा दर घालून हा आकडा बदला. पाणी सोडणाऱ्याला महिना ६,००० धरून ७२,०००. वर्षाला २०० किलो टीसीएलचे १०,०००. किरकोळ दुरुस्ती ४०,०००. आणि मोटर, पॅनल, मोठ्या दुरुस्तीसाठी बाजूला ३०,०००. एकूण २,७०,०००.

घरामागे वर्षाला ९०० रुपये झाले. पण सगळे भरत नाहीत. शंभरातले ऐंशी भरतात असं धरलं तर २४० घरांवर १,१२५ रुपये, महिन्याला ९४. हा तक्ता ग्रामसभेत फळ्यावर लिहून दाखवा. 'पाणीपट्टी वाढवली' म्हटलं की भांडण होतं. तीच माणसं वीजबिलाचा आकडा बघून वेगळं बोलतात, हे मी पाहिलं आहे. थकबाकीदारांच्या यादीत सदस्यांची नावं असतील तर त्यांची थकबाकी आधी भरून घ्या, नाहीतर वसुलीला तोंड राहत नाही.

वसुलीची वेळही ठरवा. मार्चअखेर नोटिसा काढण्यापेक्षा कपाशी विकली जाते त्या महिन्यांत, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत, घरोघर जा. मजुरीवर जगणाऱ्या घरांना महिन्याचा हप्ता द्या.

पाणीपुरवठ्याचं बँक खातं वेगळं हवं. मोठ्या दुरुस्तीचे पैसे त्यातही मुदत ठेवीत टाका, म्हणजे गटारीच्या कामाला किंवा कार्यक्रमाला ते वळत नाहीत. १५ व्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) अनुदानात ६० टक्के बंधित (ठरलेल्या कामालाच वापरायचा) निधी होता आणि त्यातला निम्मा पाण्यासाठी. असा निधी मोठ्या कामाला वापरावा, पण रोजचा खर्च त्यावर चालवायची सवय लावू नये. अनुदान उशिरा येतं, वीजबिल दर महिन्याला येतं.

पाणी सोडणारा माणूस

पांझरा नदीच्या काठी काही शतकं चाललेली फड पद्धत आपल्याला परकी नाही. बंधाऱ्याचं पाणी पाटानं फडांत, म्हणजे शेतांच्या गटांत, जायचं, पाटकरी ते पोचवायचा, आणि त्याचा मोबदला पाणी घेणारे शेतकरीच द्यायचे. पाट साफ करायचं काम हंगामाआधी सगळ्यांचं. कुणी वरच्या अंगाला आहे म्हणून त्याला जादा पाणी मिळायचं नाही.

आज गावात पाणी सोडणारा दादा पहाटे चारला उठतो, वीज येईल तेव्हा मोटर चालू करतो, आणि दोन-तीन महिने त्याचं मानधन रखडलेलं असतं. त्याच्याकडून नोंदवहीची अपेक्षा करण्याआधी त्याचे पैसे दर महिन्याच्या ठरल्या तारखेला द्या. बॅटरी, रबरी हातमोजे, पान्ह्यांचा संच, पावसाळी कोट द्या. त्याच्या हाताखाली एक तरुण मुलगा किंवा मुलगी तयार करा. तो आजारी पडला तर कुठला व्हॉल्व्ह किती वेढे उघडायचा हे दुसऱ्या कुणाला माहीतच नसतं, आणि ही योजनेतली सगळ्यात मोठी जोखीम आहे.

आखाजी आणि पावसाळा

वर्षाचं वेळापत्रक कॅलेंडरवर लिहायचं झालं तर मध्यावर आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ठेवा. एप्रिल-मेमध्ये पातळी सगळ्यात खाली असते आणि नेमक्या तेव्हाच सासुरवाशिणी लेकरांसह माहेरी येतात, घरोघर पाहुणे, शिवाय लग्नसराई. मागणी वाढते, पाणी कमी. म्हणून टाकी धुणं, व्हॉल्व्ह दुरुस्ती, राखीव मोटर तपासणं हे सगळं होळीच्या आत उरका. आखाजीच्या आठवड्यात कुठलाही पाइप उघडू नका. गुरांच्या हाळासाठी (पाणी प्यायच्या हौदासाठी) पाण्याची वेळ वेगळी ठेवा, नाहीतर तो भरेपर्यंत खालच्या गल्लीचा दाब जातो.

मृगाच्या आधी नदीकाठच्या विहिरीचं झाकण, तिच्याकडे जाणारी केबल आणि नदी ओलांडणारा पाइप तपासा. पूर येऊन गेला की पहिले दोन दिवस पाणी गढूळ असतं. तुरटी फिरवून, निवळून, मग टीसीएल. गढूळ पाण्यात टीसीएलचा बराच भाग घाणीवरच खर्च होतो.

सातपुड्यातले पाडे

धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांना उंच टाकी आणि लांब लाइन परवडत नाही. तिथं झिऱ्याचं, म्हणजे डोंगरातल्या पाझराचं, पाणी उतारानं आणणं किंवा एकाच बोअरवर हातपंप आणि सौर पंप दोन्ही बसवणं, हे जास्त टिकतं. वीज नसली तरी सौर पंप चालतो, ढग असले तर हातपंप आहेच. पण सौर पॅनलवरची धूळ पंधरवड्याला ओल्या फडक्यानं पुसली पाहिजे, पॅनलवर झाडाची सावली येऊ देऊ नये, आणि टाकीचा नळ उघडा राहता कामा नये. झिऱ्याचा प्रवाह उन्हाळ्यात दर आठवड्याला बादली आणि मोबाइलच्या घड्याळानं मोजा. झिऱ्याच्या वरच्या अंगाला झाडतोड आणि गुरं बसणं थांबवलं तर त्याचा फरक दोन-तीन पावसाळ्यांनी दिसतो, लगेच नाही. पाड्याची समिती वेगळी असावी. दहा किलोमीटरवरच्या ग्रामपंचायतीतून तिथला नळ दुरुस्त होत नाही.

बॉडी बदलली की

ग्रामपंचायतीची निवडणूक झाली की बऱ्याच गावांत पाणी सोडणारा बदलतो आणि वही हरवते. हे टाळायचं तर जुन्या समितीनं नव्या समितीला लेखी ताबा द्यावा: नोंदवह्या, पाइपलाइनचा नकाशा, व्हॉल्व्हची यादी, चाव्या, सुट्या भागांचा साठा, खात्यातली शिल्लक, थकबाकीदारांची यादी, वीजबिलाची स्थिती. ताब्याच्या कागदावर दोन्ही सरपंचांच्या सह्या आणि त्याची एक प्रत पंचायत समितीच्या पाणीपुरवठा उपविभागात. नव्या समितीच्या निदान दोन सदस्यांनी पाणी सोडणाऱ्यासोबत विहिरीपासून शेवटच्या घरापर्यंत चालत जाऊन प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा स्वतःच्या हातानं फिरवून पाहावा. आणि पाणी सोडणारा बदलायचाच असेल, तर जुन्यानं नव्याला किमान एक महिना सोबत घेऊन काम शिकवावं, त्या महिन्याचे पैसे दोघांनाही द्यावेत.